करंजाचा अर्क, उंदराच्या पाठीवरच्या गाठी आणि ‘डोस किती?’च्या आधीचे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला गाइडनी विषय दिला आहे: करंजाच्या पानांचा अर्क उंदरांमधला त्वचेचा कर्करोग रोखतो का? ती विचारते, डीएमबीए (कर्करोगाची सुरुवात करून देणारं रसायन) किती लावायचं, क्रोटन तेल (पुढे गाठी वाढवणारं दाहक तेल) आठवड्यातून किती वेळा, अर्काचा डोस किलोमागे २५० मिलिग्रॅम घ्यावा की ५००, गटात सहा उंदीर चालतील का, आणि सहा महिन्यांत हे सगळं आटोपेल का.

आकडे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध या साच्यातले असतात: सात-आठ आठवड्यांच्या स्विस अल्बिनो माद्या, पाठीवरचे केस काढल्यावर दोन दिवसांनी १०० मायक्रोग्रॅम डीएमबीए १०० मायक्रोलिटर ॲसिटोनमधून, एकदाच, त्यानंतर एक-दोन आठवडे थांबून १ टक्का क्रोटन तेल, तेही ॲसिटोनमधूनच, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, सोळा आठवडे. बाहेरच्या प्रयोगशाळा बहुधा डीएमबीए कमी घेतात, पंचवीसएक मायक्रोग्रॅम, आणि क्रोटन तेलाऐवजी त्यातलाच शुद्ध घटक टीपीए वापरतात. आठव्या-दहाव्या आठवड्यात पहिल्या गाठी दिसू लागतात. झालं.

आता हे आकडे तुम्हाला कुठल्याही प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात सापडले असते. मी गेली वीसेक वर्षं प्राण्यांवरच्या औषध-चाचण्या करते आहे, आणि अशा विषयांचे प्रबंध तपासायलाही बसते. तिथे मुलं डोसवर अडखळत नाहीत. अडखळतात ती पुढच्या प्रश्नावर: ‘अर्काच्या गटात गाठी कमी आल्या, पण का कमी आल्या?’ त्या प्रश्नाचं उत्तर देता येईल अशी आखणी प्रयोग सुरू होण्याआधी करावी लागते. सोळा आठवडे उलटल्यावर ती करता येत नाही.

मुळात हा प्रयोग काय आहे ते नीट समजून घ्या. १७७५ साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या कातडीवरचा कर्करोग काजळीशी जोडला. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग प्रत्यक्ष घडवून दाखवला. पुढे १९४०च्या दशकात बेरेनब्लम आणि शुबिक यांनी या प्रक्रियेचे दोन तुकडे केले. पहिल्यात एकदाच लावलेलं रसायन पेशीच्या डीएनएत कायमचा बिघाड करतं. डीएमबीए बहुतेक वेळा एचरास या पेशीच्या वाढीशी संबंधित जनुकाच्या ६१व्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या एका तुकड्यात, तो करतं. कातडी वरून अगदी निरोगी दिसते. राखेखालचा निखारा म्हणा. दुसऱ्यात पुन्हा पुन्हा लावलेलं दाहक द्रव्य फुंकणीचं काम करतं आणि त्या बिघडलेल्या पेशी वाढत जातात. निखाऱ्याशिवाय नुसती फुंकणी मारली तर जवळपास काहीच होत नाही. आधी फुंकणी आणि मग निखारा असा क्रम उलटा केला तरी होत नाही. उलट डीएमबीए लावून कित्येक महिन्यांनी फुंकणी सुरू केली तरी गाठी येतात, कारण निखारा विझलेला नसतो.

आणि ती फुंकणी कुठून आली? क्रोटन तेल म्हणजे जमालगोट्याचं तेल. आयुर्वेदातला जयपाळ, शुद्ध केल्याशिवाय पोटात न घेण्याचा. म्हणजे ज्या प्रयोगात आपण वनस्पतीच्या अर्काने कर्करोग थांबतो का ते बघतो, त्याच प्रयोगात गाठी वाढवणारं द्रव्यही वनस्पतीचंच असतं. कुंपणाला लावलेल्या शेराच्या चिकातही याच जातीची, गाठी वाढवणारी द्रव्यं आहेत. मोगली एरंडाच्या तेलातही आहेत. तोंडी परीक्षेत ‘वनस्पतीजन्य असल्यामुळे सुरक्षित’ हे वाक्य ऐकलं की मी हा जमालगोटा काढते.

याचीच एक अलीकडची गोष्ट तुमच्या विषयाला चिकटून आहे. युफोर्बिया पेप्लस नावाचं, एरंडाच्याच कुळातलं एक चिकाळ तण आहे. त्याचा चीक चामखिळींवर आणि उन्हाने खरखरीत झालेल्या चट्ट्यांवर लावायची घरगुती रीत होती. त्यातून इंजेनॉल मेब्युटेट हे द्रव्य वेगळं काढलं, आणि २०१२ साली त्याचं जेल अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झालं, अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणजे कर्करोगाच्या आधीच्या चट्ट्यांसाठी. हे द्रव्य पेशीतल्या प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला जागं करतं. टीपीएही तेच करतं. पुढे तीन वर्षांच्या एका तुलनात्मक चाचणीत हे जेल लावलेल्यांमध्ये त्वचेचा कर्करोग जास्त दिसला, आणि २०२० साली युरोपातून ते मागे घेतलं गेलं. कर्करोग रोखण्यासाठी आणलेलं, रीतसर सगळ्या चाचण्यांतून गेलेलं हे वनस्पतीजन्य औषध होतं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या आराखड्यात ‘फक्त अर्क’ असा एक गट का हवा, आणि ‘डीएमबीएनंतर क्रोटनऐवजी अर्क’ असाही एक लहान गट का हवा, ते पटावं म्हणून सांगते. बहुतेक प्रबंधांत दुसरा गट नसतोच. तुमचा अर्क स्वतःच फुंकणी निघाला तर ते तुम्हाला कळायला नको का?

माझ्यावर ही वेळ आलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका झाडाच्या सालीचा अर्क मी उंदरांच्या पाठीवर लावत होते, आणि बाराव्या आठवड्यात अर्काच्या गटात गाठी जास्त निघाल्या. पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असेल असं वाटून दोन दिवस खुणा तपासण्यात गेले. अदलाबदल झालेली नव्हती. अर्काने कातडी जळजळत होती. आठवड्याला दोनदा क्रोटनची फुंकणी आणि तीनदा माझी. बिब्ब्याने कातडी उतते हे लहानपणापासून पाहिलेल्या मुलीला हे आधी सुचायला हवं होतं. तेव्हापासून मोठ्या प्रयोगाआधी नुसता अर्क दोन आठवडे लावून कातडी लाल होते का, जाड होते का ते बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आता गाठी कमी येण्याच्या कारणांकडे. अर्काच्या गटात गाठी कमी दिसण्याची निदान चार अशी कारणं आहेत ज्यांचा ‘कर्करोग रोखण्या’शी फारसा संबंध नाही.

सगळ्यात नेहमीचं कारण वजन. टॅनेनबॉम यांनी १९४०च्या दशकातच दाखवलं होतं की उंदरांना कमी खायला घातलं की त्वचेच्या गाठी कमी होतात, औषध काही न देता. आता करंज चवीला कसा असतो ते आठवा. कडू. अर्क खाद्यात मिसळला तर उंदीर कमी खाणार. रोज नळीने पोटात घातला तरी पोट बिघडून कमी खाणार. सोळा आठवड्यांनी त्यांचं वजन इतरांपेक्षा बारा-पंधरा टक्के कमी, आणि गाठीही कमी. हे श्रेय करंजाचं की उपासाचं? म्हणून वजन दर आठवड्याला घ्या, खाद्य मोजा, आणि आकृतीत वजनाची रेघ गाठींच्या रेघेशेजारीच छापा. मी परीक्षक असले की आधी ती रेघ शोधते. आणखी एका गटापुरते उंदीर मिळाले तर अर्काच्या गटाने जेवढं खाल्लं तेवढंच खायला घातलेला एक गट ठेवा. वादच मिटतो.

दुसरं कारण, अर्क पाठीवर लावत असाल तर तो क्रोटनच्या वाटेत उभा राहतो. चिकट अर्काचा थर वाळला आणि अर्ध्या तासाने त्यावर टीपीए टाकलं, तर किती आत गेलं आणि किती थरातच अडकलं हे कोण सांगणार? यावर माझा साधा तोडगा असा की एका छोट्या गटात अर्क टीपीएच्या एक तास आधी आणि दुसऱ्यात एक तास नंतर लावून बघते. आधी लावल्यावरच उपयोग दिसला तर मी ‘अडथळा’ हा शब्द वहीत लिहून ठेवते.

तिसरं कारण जरा खोलातलं आहे. डीएमबीए स्वतः फारसं काही करत नाही. कातडीतली सायटोक्रोम एन्झाइमं, मुख्यतः १ए१ आणि १बी१, त्याचं विषारी रूप तयार करतात आणि ते डीएनएला चिकटतं. झाडपाल्यातले अनेक फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत सापडणाऱ्या द्रव्यांचा एक मोठा वर्ग) या एन्झाइमांना अडवतात. म्हणून डीएमबीएच्या आठवडाभर आधीपासून अर्क दिला की गाठी कमी येऊ शकतात, आणि ते निरीक्षण खरंही असतं. पण माणसाच्या त्वचेला कर्करोग होतो तो मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि त्या किरणांना कुठल्याही एन्झाइमची गरज लागत नाही. तेव्हा तो निष्कर्ष डीएमबीएपुरताच राहतो.

यावरूनच अर्क कधी द्यायचा हे ठरतं, आणि माझ्या मते हा निर्णय डोसपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. डीएमबीएच्या सात दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंतच अर्क दिला तर तुम्ही निखाऱ्याबद्दल विचारताय. पहिल्या क्रोटनपासून शेवटपर्यंत दिला तर फुंकणीबद्दल. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दिला, जे सगळे करतात, तर दोन्ही प्रश्न एकमेकांत कालवले जातात आणि उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते कळत नाही. तुमच्याकडे वेळ आणि उंदीर मोजके आहेत, म्हणून मी एकच निवडेन: फुंकणीचा टप्पा. माणसाच्या बाबतीतही बिघडलेल्या पेशी बहुतेकदा आधीच असतात. आपल्या हातात उरतं ते त्यांची वाढ रोखणं.

चौथं कारण, मोजणाऱ्याचा डोळा. एक मिलिमीटरच्या आसपासची गाठ आहे की केसाच्या मुळाशी आलेला फोड, हे ठरवताना कोणता पिंजरा हातात आहे हे माहीत असलं की हात नकळत हवं तिकडे झुकतो. माझाही झुकतो. म्हणून पिंजऱ्यांना सांकेतिक क्रमांक द्या, यादी मैत्रिणीकडे ठेवा, आणि एक मिलिमीटरपेक्षा मोठी व सलग दोन आठवडे टिकलेली गाठच मोजा. काही गाठी आपोआप जिरतात, त्याही वहीत यायला हव्यात.

आता गटातल्या सहा उंदरांबद्दल. हा सहाचा आकडा आपल्याकडे पायाच्या सुजेच्या प्रयोगांतून आला आणि सगळ्याच प्रयोगांना चिकटला. सूज मिलिमीटरमध्ये मोजतात, तिथे सहा कधी कधी पुरतात. गाठ आली की नाही आली, हा हो-नाहीचा हिशेब आहे. करून बघा. समजा क्रोटनच्या गटात सहापैकी सहा उंदरांना गाठी आल्या आणि अर्काच्या गटात फक्त दोघांना. कागदावर केवढा फरक! पण फिशरच्या अचूक कसोटीत पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) येतं ०.०६. चौघांना पूर्ण वाचवूनही तुम्ही पाच टक्क्यांच्या, म्हणजे ०.०५च्या, रेघेखाली येत नाही. गटात वीस उंदीर असतील तर वीसपैकी वीस विरुद्ध वीसपैकी चौदा एवढ्या साध्या फरकालाही ०.०२ मिळतं. मग मुलं काय करतात, तर गाठी मोजतात: सहा उंदरांवर मिळून ४८ गाठी, म्हणजे नमुना ४८! तसं होत नाही. एकाच पाठीवरच्या आठ गाठी ही आठ स्वतंत्र माणसं नव्हेत. एकक उंदीरच. दर उंदरामागे किती गाठी, पहिली गाठ कोणत्या आठवड्यात आली, आणि कॅप्लान-मायरची गाठविरहित रेघ (कोणत्या आठवड्यापर्यंत किती उंदीर गाठीविना राहिले ते दाखवणारी), या तीन गोष्टी द्या. क्रोटन आणि अर्क यांच्या मुख्य गटांत निदान पंधरा, जमलं तर वीस उंदीर घ्या. ॲसिटोनच्या आणि नुसत्या डीएमबीएच्या गटात गाठी जवळपास येतच नाहीत, तिथे सहा पुरेत. सगळ्या गटांत सारखीच संख्या हवी असा काही नियम नाही; सगळीकडे सहा घेण्यापेक्षा हेच काटकसरीचं आहे.

काटकसरीवरून आठवलं: टीपीए घ्यायचं म्हणत असाल तर आधी हिशेब करा. एका वेळी ५ मायक्रोग्रॅम, आठवड्यातून दोनदा, सोळा आठवडे, म्हणजे उंदरामागे १६० मायक्रोग्रॅम. वीस उंदरांच्या एका गटाला ३.२ मिलिग्रॅम. ते मिलिग्रॅमच्या कुप्यांत येतं आणि महाग असतं. परवडत नसेल तर क्रोटन तेल घ्या, पण संपूर्ण प्रयोगाला पुरेल एवढं एकदाच, एकाच बाटलीतलं. दर बाटलीची धार वेगळी असते. मध्येच बाटली बदलली आणि अकराव्या आठवड्यात गाठींची रेघ उडी मारून वर गेली, असा एक प्रबंध मी पाहिला आहे. त्या मुलाला कारण शोधता आलं नव्हतं. आम्हाला ते खरेदीच्या पावत्यांवरच्या तारखांतून कळलं.

उंदरांबद्दलच्या काही गोष्टी पटकन. माद्याच घ्या, नर एकमेकांच्या पाठी फोडतात, आणि जखम स्वतःच फुंकणीचं काम करते. सी५७ ब्लॅक ६ जातीचे घेऊ नका, टीपीएला ते फारसे दाद देत नाहीत. केस काढल्यावर दोन दिवसांनी ज्यांच्या पाठीवर केस पुन्हा जोमाने येताना दिसतात त्यांना वगळा, कारण केसांची मुळं विश्रांतीत असतानाच डीएमबीएचा परिणाम सारखा होतो. सात ते नऊ आठवड्यांचं वय त्यासाठीच घेतात.

अर्काबद्दल मात्र सविस्तर, कारण इथे आपल्याकडचे प्रबंध सगळ्यात कच्चे असतात. पहिला प्रश्न: करंज म्हणजे कोणता करंज? पोंगामिया पिनाटा ना? कारण सागरगोट्यालाही लताकरंज म्हणतात, आणि ते झाड पूर्ण वेगळं आहे. ओळख पटवून, वाळवलेल्या फांदीचा नमुना जमा करून त्याचा क्रमांक घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे. दुसरा प्रश्न: पानंच का? करंजिन, पोंगामॉल ही करंजाची नावाजलेली द्रव्यं प्रामुख्याने बियांतली. खरजेला लावतात ते करंजेल तेलही बियांचंच. तुम्ही पानं घेताय तर पानांत नेमकं काय आहे हे एचपीटीएलसीने (अर्कातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीने) दाखवावं लागेल. बियांच्या शोधनिबंधांचा आधार पानांना चालणार नाही. आणि सोळा आठवड्यांचा सगळा अर्क एकाच खेपेत काढून, उणे वीस अंशांवर छोट्या कुप्यांत ठेवा. जूनची पानं आणि नोव्हेंबरची पानं एक नसतात.

डोसचं आता सांगते. उंदरातला किलोमागचा डोस माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने साधारण १२.३ ने भागतात. ५०० मिलिग्रॅमचे होतात सुमारे ४१. साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास २.४ ग्रॅम अर्क. पानांतून दहा टक्के अर्क निघाला असं धरलं तर रोज २४ ग्रॅम वाळलेली पानं, कडू करंजाची, वर्षानुवर्षं. कोण खाणार? म्हणून मी २५० आणि ५०० मध्ये निवड न करता १०० आणि ३०० घेईन. दोन डोस असले की डोस वाढला तसा परिणाम वाढला का हेही दिसतं, आणि तो वाढत गेला तर माझा विश्वास बसतो. रोज नळीने दिलं तर सोळा आठवड्यांत ११२ वेळा नळी घालावी लागेल. हात बसलेला नसेल तर उंदीर कर्करोगाने नव्हे, तुमच्या हातून मरतील. खाद्यात मिसळता येत असेल तर मिसळा, कडूपणाचं वर सांगितलंच आहे.

आणखी एक शब्द जपून वापरा: कर्करोग. सोळा आठवड्यांनी उंदराच्या पाठीवर दिसतात ते पॅपिलोमा, चामखिळीसारख्या सौम्य गाठी. त्यांतल्या थोड्याच पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा खरा कर्करोग, होतात, आणि त्याला आणखी कित्येक आठवडे लागतात. तुमच्या प्रबंधाच्या नावात ‘त्वचेचा कर्करोग’ आहे आणि मोजणार आहात पॅपिलोमा. नाव बदलून घ्या. ‘पॅपिलोमा-निर्मितीवरील परिणाम’ एवढं म्हटलं की कोणी हरकत घेत नाही.

माणसाच्या त्वचेपासून हा प्रयोग किती दूर आहे तेही माहीत असू द्या. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या कातडीच्या देशांच्या मानाने कमी दिसतो, आणि जिथे दिसतो तिथे कारणं वेगळी निघतात: काश्मीरमध्ये पोटाशी धरलेली कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी), बंगालमध्ये पाण्यातलं आर्सेनिक, भाजल्याचे जुने व्रण. मुंबईत डॉ. वि. रा. खानोलकरांनी १९४५ साली धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. वर्षानुवर्षं एकाच जागी घासणारा काठ! डीएमबीएच्या प्रयोगातला निखारा त्यात नाही, पण फुंकणी नक्की आहे. मला तरी आपल्या भागातला दुवा तिथेच दिसतो.

अतिनील किरणांचा प्रयोग माणसाच्या जास्त जवळ जातो. त्याला एसकेएच-१ जातीचे केसविरहित उंदीर, यूव्हीबीचे दिवे आणि मात्रा मोजणारा मीटर लागतो. त्यातही एक खाच आहे. करंजातले फ्लॅव्होनॉइड अतिनील किरणं शोषतात. अर्क लावून मग दिव्याखाली धरलं तर तुम्ही फक्त एक हिरवट सनस्क्रीन तपासताय. ते वाईट नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नॅम्बूर गावात १,६२१ रहिवाशांवर झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सुमारे ४० टक्के कमी दिसले. मात्र पेशीच्या आत काही घडतंय असा दावा असेल तर अर्क किरणांनंतर लावा किंवा पोटातून द्या.

उंदरांतून माणसांत जाताना काय होतं याचा अनुभव संमिश्र आहे. हळदीचंच घ्या. १९८८ साली अमेरिकेत ह्युआंग, कॉनी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पाठीवर टीपीएबरोबर करक्युमिन लावून गाठी चांगल्याच कमी केल्या. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये भिडे यांच्या गटाने १९९२ साली हळदीवर असंच काम प्रसिद्ध केलं. निरीक्षणं पक्की. पण करक्युमिन पोटातून रक्तात जेमतेम पोचतं आणि पोचलं तरी टिकत नाही, म्हणून त्वचेचा कर्करोग रोखणारं हळदीचं औषध अजून दुकानात नाही. बीटा-कॅरोटिन १,८०५ माणसांना पाच वर्षं दिलं, १९९० साली निकाल आला: त्वचेच्या कर्करोगावर काही परिणाम नाही. त्याउलट निकोटिनामाइड हे साधं जीवनसत्त्व. २०१५ सालच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत ते रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्या, आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या माणसांत त्वचेचे नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले. उंदीर कोण पास होणार हे सांगत नाही. कोणाला पुढे पाठवायचं नाही हे बऱ्यापैकी सांगतो.

सहा महिन्यांत बसेल का? सोळा आठवडे क्रोटन, त्याआधी दोन आठवडे डीएमबीए आणि थांबा, त्याआधी आठवडाभर उंदरांना रुळू देणं, नंतर महिनाभर स्लाइड आणि लिखाण. हेच जवळपास सहा महिने झाले, आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी यात धरलेलीच नाही. फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरून समितीच्या बैठकीची वाट बघण्यात दोन महिने सहज जातात. मंजुरीआधी एकही उंदीर आणायचा नाही. समिती विचारेल की गाठ किती मोठी झाली, फुटली, वजन किती घटलं की उंदराला शांतपणे मारणार. ते आकडे अर्जातच लिहा.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? पहिले दोन महिने, मंजुरीची वाट बघतानाच, अर्काचं प्रमाणीकरण आणि पेशींवरचं काम. जेबी६ नावाच्या उंदराच्या त्वचेच्या पेशी टीपीएने मऊ अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) वसाहती करू लागतात. तुमचा अर्क ते थांबवतो का, हे काही आठवड्यांत कळतं. मंजुरी आल्यावर कानाचा छोटा प्रयोग: आधी अर्क, मग कानावर एकदाच टीपीए, सहा तासांनी कानाची सूज. आठवडाभरात, मोजक्या उंदरांत निकाल. इथे अर्काने सूज जराही उतरवली नाही तर सोळा आठवड्यांच्या प्रयोगात शंभरेक उंदीर घालायचा मला नैतिक अधिकार वाटत नाही, आणि तेवढ्या कामावरही एम.फार्म.चा चांगला प्रबंध होतो. उतरवली तर मोठा प्रयोग करा, वर सांगितलेल्या गटांनी.

डीएमबीएबद्दल शेवटचं, आणि हे गाइडनी सांगितलं नसेल तर त्यांनाही दाखवा. तो कर्करोग घडवणारा पदार्थ आहे आणि ॲसिटोनमध्ये विरघळलेला आहे. ॲसिटोन नायट्राइलच्या हातमोज्यातून पाहता पाहता आरपार जातो आणि डीएमबीएला बरोबर घेऊन जातो. दोन हातमोजे एकावर एक घाला, थेंब पडला की लगेच बदला, वजन करणं आणि विरघळवणं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) करा, बाटली काळी ठेवा कारण उजेडाने ते बिघडतं. लावल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांचा भुसा वेगळ्या पिशवीत भरून जाळायला द्या. तो भुसा उचलणाऱ्या मामांना पिशवीत काय आहे ते स्वतः जाऊन सांगा. आमच्याकडे पूर्वी एकदा कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते उघड्या हातांनी पिंजरे घासत बसले होते.